नऊ पौंडांचा पुरावा

झेनिया, ओहायो
बुधवार, १८ नोव्हेंबर १९९८

आदरणीय ओपलमावशीस,

वर्नाचा नमस्कार. तुझा गुडघा, तुझ्या कोंबड्या आणि तुझं शेजाऱ्यांशी भांडण, तिन्ही नीट चालू आहेत असं धरून चालते. माझी तब्येत उत्तम आहे. जेवण जात नाही आणि फोन वाजला की हातातली बशी पडते, एवढं सोडल्यास.

आमच्या धुलाई कारखान्याच्या (हॉस्पिटलांच्या चादरी आम्ही धुतो) मागच्या दाराला मालक केसलरसाहेबांनी कुलूप घातलं होतं, टॉवेल चोरीला जातात म्हणून. सप्टेंबरात ड्रायरला आग लागली आणि आम्ही अकरा बायका धुरात त्या कुलपापाशी उभ्या. पुन्हा धुरातूनच मागे फिरून पुढच्या दाराने बाहेर आलो. मी सरकारी तपासनिसांना कळवलं. (कुणी कळवलं हे साहेबांनी लगेच ओळखलं, मुद्देसूद तक्रार लिहिणारी तिथे मी एकटीच.) महिन्याभरात कुलूप निघालं, आणि तिसऱ्या दिवशी मी, बारा वर्षं इस्त्रीखात्याची प्रमुख, तळघरात मळक्या चादरी निवडायला एकटी. तपासनीसबाई म्हणाल्या, तक्रारीचा असा सूड घ्यायला कायद्याने बंदी आहे. बदलीपासून तीस दिवसांत अर्ज करा आणि जे जे बदलेल ते लिहून ठेवा. तेव्हापासून वही भरते आहे. साहेब पूर्वी माझ्याकडे ढुंकून पाहत नसत, आता रोज जिन्यावरून वाकून विचारतात, "काय वर्नाबाई, थंडी नाही ना वाजत?" वाजते ती त्यानंतर. (नोंद केली आहे.) डेल्फीन, जिला मी धुरातून दंडाला धरून ओढत आणलं, ती डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जाते. "रागावू नका बाई, पण तुमच्या शेजारी दिसले तर उद्या मीही तळघरात." भित्रेपणाबद्दल मी तिला चांगलं सुनावलं. आवाज जरा कापला, पण तळघरात गारठाच फार.

सोमवारी साहेबांनी थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीसाठी सगळ्यांना टर्की वाटल्या. डेल्फीनला चौदा पौंडांची, मला नऊ. दोनदा वजन केलं. पुरावा भाजून खाता येत नाही आणि माझ्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात मावतही नाही, म्हणून दार दोरीने बांधलं आहे. (कुलूप या घरात चालत नाही.)

तुझी भाची,
वर्ना

ता. क. तुझ्या मोठ्या फ्रीझरमध्ये सुनावणीपर्यंत ही टर्की ठेवशील का?

ता. क. आत्ता आठवलं, गेल्या वर्षीचीही नऊच पौंडांची होती. एकट्या माणसाला तेवढीच देतात. वहीतून खोडली. भाजून टाकू. तळघर मात्र गेल्या वर्षी नव्हतं.

ता. क. अर्ज अजून दिलेला नाही. सगळा भरून पर्समध्ये आहे, फक्त सही राहिली. आज चोविसावा दिवस, मंगळवारी मुदत संपते. सोमवारी येशील? बोलायचं काही नाही, नुसती शेजारी बस. पेन आणू नकोस, माझ्याकडे तीन आहेत.