बारवेवरचं नाव

मंठा, ८ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
शीतलचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. डोकं तापलंय.

पाचवीची मुलं ‘इतिहासाची साधने’ पाठ करून कंटाळली, म्हणून त्यांना शाळेमागच्या बारवेत उतरवलं. पायऱ्यांपाशी झिजलेला लेख आहे. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली, तशी अक्षरं उमटली: ‘भागाबाई कुंभारीण हिने बारव खणविली’. पोरं नाचायलाच लागली! पण रस्त्यावरची पाटी सांगते, बारव सरपंच साहेबरावांच्या पणजोबांनी बांधली. माझ्या वर्गातल्या दैवशालानं पालकसभेत सरळ विचारलं, की खरं कोण, दगड का पाटी? साहेबराव लालबुंद. म्हणाले, ही बाई पोरांना भडकवून राह्यली, लेखी माफी मागा. मुख्याध्यापकांनी मान डोलावली! पाटी खोटी आणि माफी मी मागायची? बिलकुल मागणार नाही.

आईचे गुडघे कसे आहेत? धाकट्या वंदनाच्या लग्नाची तयारी कळवा.

तुमच्या मायेचा हात पाठीवर राहू द्या.
तुमची,
शीतल

आष्टी, १३ जानेवारी

चि. शीतल हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझ्या आईनं कपाळाला हात लावला. अगं, साहेबराव वंदनाचे होणारे चुलतसासरे, हे विसरलीस का? भारतराव भला पोरगा आहे, पण त्या घरात शब्द चालतो तो काकाचा. लहानपणी तू मारुतीच्या पुजाऱ्याशी भांडलीस, तवा मी हसलो. आता हसू येत न्हाई. कोण्या बाईनं कधीकाळी बारव खणली, त्यात तुझं काय जातं?

काल मी साहेबरावांकडं गेल्तो. तुझ्या वतीनं माफी मागून आलो. विषय मिटला. आता जल्दी दुसरा धडा घे.

गुडघे बरे आहेत. जिवाला जप, एवढंच मागणं.
तुझा बाप,
रामकिसन

मंठा, १८ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न.

विषय नाही मिटला, बाबा, नाव मिटलं. तुम्ही येऊन गेलात आणि दुसऱ्याच दिवशी साहेबरावांनी त्या दगडावर निळा ऑइलपेंट मारून घेतला. मी अडवायला धावले, तर मुलांदेखत म्हणाले, तुझ्या बापानंच चूक कबूल केलीय. दैवशालानं मला विचारलं, की बाई, आपण वाचलं ते खोटं होतं का?

काय सांगू तिला? मी वर्गात शिकवते, की ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, अस्सल पुरावा बघा. आणि माझ्याच बापानं तो न बघता, मला न विचारता माफी मागावी! वंदनाचं लग्न मलाही हवंय. पण तुम्ही एकदा त्या बारवेत उतरला असतात, तर मला एवढं लागलं नसतं.

जास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.
शीतल

आष्टी, २३ जानेवारी

चि. शीतलला आशीर्वाद.

काल बारवेत उतरलो. तू वर्गावर होतीस, म्हणून हाक मारली न्हाई. रंग पातळ बसलाय. बोट फिरवलं की अक्षरं बराबर हाताला लागतात. बाईचंच नाव आहे.

तिथून साहेबरावांकडं गेलो आणि सांगितलं, की ती माफी मागायचा हक्क माझा नव्हताच, मी ती परत घेतो. म्हणाले, सोयरीक मोडेल. मी म्हटलं, ते वंदनाला विचारून सांगतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं, मंग भारतरावांना फोन लावला. लई वेळ बोलली. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, की तो काकापुढं तोंड उघडायला तयार न्हाई. आणि भाकरी थापायला बसली. थापता थापता म्हणाली, बाबा, तो रंग तेवढा काढून टाका.

सोमवारी टर्पेंटाइन घेऊन शाळेत येतो. मुलांना थांबवून ठेव.

तुझ्यावर रागावलेला, पण तुझ्याच बाजूचा,
बाबा