कॉम्प्युटरवर ॲप टाकू नका

योगेश भाऊजी,

घर चिडीचूप होतं, आन् तुमचा कॉम्प्युटर टिंग करून वाजला. मी पिठाच्या हातानं पळत गेले. बचत गटाचा मेसेज होता. तुमचे दादा वारल्यावर दिवाळीही होऊन गेली, तरी पाय अजून पळतात.

तुम्ही काल म्हणालात, मोबाईलचं मेसेजचं ॲपच कॉम्प्युटरवर टाकून देतो, ब्राउझरपेक्षा बरं चालतं. चालत असेल, पण टाकू नका. गटातल्या नाहिदच्या भावानं तसंच केलं. नंबर नव्यानं टाकला आन् तिचे आधीचे मेसेज सगळे गेले. माझा मोबाईल बंद पडलाय, त्यामुळं ह्यांचा आवाज आता तेवढ्या ब्राउझरमधेच राहिलाय. "मिठाचा डबा सांडला का भाजीत?" म्हणून मला चिडवलेलं सुद्धा तिथंच आहे. तेवढं उघडं असू द्या.

मी मोबाईल दुरुस्तीला बाळापूरला चालले. भाकरी टोपल्यात झाकल्यात. दिपाला जेवू घाला.

सकाळी तिनं पप्पाला आवाज भरून पाठवला. आता स्क्रीनवर बोट ठेवून मला विचारून राहिली, "आई, एकच टिक आली. दुसरी कधी येईल?"