बादशहाचं रक्त

प्रिय ताई,

तुझा निरोप आईकडून पोचला. 'धाकटीला म्हणावं, झालं गेलं विसर, एकदा घरी ये, जेवू, बोलू.' विसर म्हणायला तुझं काय जातं? तुझ्या तोंडावर कुणी फाटक आपटलेलं नाही. मी जेवायला येणार नाही. बोलायचं ते इथेच बोलते. पत्राचा एक फायदा असतो, समोरच्याला मध्येच 'अगं, पण माझं ऐक तरी' म्हणता येत नाही. तुझं ऐकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. सध्या मी शहराबाहेरच्या एका फार्मवर शेळ्यांची सोनोग्राफी करते. कोणती गाभण, कोणती नाही, कुणाच्या पोटात दोन आहेत, एवढंच सांगायचं. मालक चांगला माणूस आहे. माझ्याबद्दल त्याला काही ठाऊक नाही, म्हणूनही चांगला असेल. गायींना हात लावायला मी स्वतःहून नाही म्हणाले. गाय समोर आली की मी बोटं मुठीत मिटून घेते. ज्या बोटांना तू शिकवलंस, तीच.

जनावरांच्या डॉक्टरकीच्या या धंद्यात मला तू ओढलंस. नात्यातल्या बायका विचारायच्या, थोरली काय करते, आणि आई 'सरकारी काम आहे' म्हणून विषय बदलायची. एका लग्नात काका सगळ्यांसमोर म्हणाले, पोरीच्या जातीनं बैलांच्या मागे लागायचं, शोभतं का हे? तू ताटावरून मान वर न करता म्हणालीस, 'काका, तुम्ही सकाळी पिता ते दूध आभाळातून पडतं का?' काकांना ठसका लागला. मी त्याच दिवशी ठरवलं, आपणही हेच शिकायचं. पहिल्यांदा खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गायीच्या मागे उभी राहिले तेव्हा मी तोंड फिरवलं. तू कानाशी म्हणालीस, 'डोळे मीट. बोटांनी बघ.' आणि बोटांना गर्भाचा इवलासा गोळा लागला. मी रडले, तू हसलीस. हे तुझ्या कौतुकासाठी लिहीत नाही. मी कुणावर डोळे मिटून विश्वास टाकला होता, ते तुला नीट कळावं म्हणून लिहिते.

मग तुझा वळू आला, बादशहा. वासरू होतं तेव्हाच तू त्याला हेरलंस आणि पैदास केंद्रात आणलंस. त्याच्या मुली दुधाला लागल्या तसं तुझं नाव झालं. केंद्राच्या दारात त्याचा मोठा फोटो लागला, शेजारी तू उभी. तू अनुवंश विभागाची प्रमुख झालीस आणि मी तुझ्या हाताखालची फिरती डॉक्टर. नायट्रोजनचा कंटेनर गाडीत बांधायचा, वळूचं गोठवलेलं वीर्य, म्हणजे रेत, घेऊन गोठ्यागोठ्यांत जायचं, माजावर आलेल्या गायी भरायच्या. लोक आधी विचारायचे, 'बादशहाचंच आहे ना?' मी ऐटीत हो म्हणायचे. जणू तो आपल्याच घरातला कर्तबगार मुलगा.

शिवणवाल्या मावशी तुला आठवत नसतील. प्रमुखांना कशाला आठवतील? रस्त्याच्या वळणावर त्यांचं शिलाईचं दुकान, मागे गोठा, गोठ्यात एकच गाय, बादशहाची मुलगी. तिला मी पुन्हा त्याच्याच वंशातलं रेत भरलं, कारण तुझ्या विभागाने तेच पाठवलं होतं. विताना वासरू अडलं. आत हात घातला तर पाय लाकडासारखे ताठ, सांधे वाकतच नव्हते, मान पाठीकडे वळलेली. ओढावं तर गाय फाटणार, थांबावं तर मरणार. ओढलं. वासरू मेलेलंच होतं. संध्याकाळ व्हायच्या आत गायही गेली. मावशी तिच्या अंगावर गोधडी घालून बसून राहिल्या.

मग दुसऱ्या गोठ्यात तसंच वासरू. मग तिसऱ्या. मी नमुने घेऊन तुझ्या केबिनमध्ये आले. म्हटलं, ताई, सगळ्या गायी बादशहाच्या मुली आहेत आणि रेतही त्याच्याच वंशातलं आहे. दोन्हीकडून एकच दोष येत असेल, तपासू या. तू संगणकावरून नजर न हटवता म्हणालीस, 'जनावरांत होतं असं कधी कधी. नमुने ठेवून जा.' मी ठेवून गेले. पुढे काय झालं, ते मला शिपायाकडून कळलं. चौकशी झाली आणि निष्कर्ष निघाला की रेत वितळवण्यात आणि अडलेल्या गायी सोडवण्यात डॉक्टरांचा हलगर्जीपणा झाला. खाली सही तुझी.

रेत नीट वितळवलं नाही तर गाय गाभण राहत नाही. वासराची मान वाकडी होत नाही. हे तूच मला शिकवलंस गं! सही करताना हात अडखळला नाही?

त्यानंतर गोठ्यांची फाटकं बंद झाली. एका घरी आतून आवाज आला, 'ती मारकी डॉक्टरीण आलीय, लहानांना आत घ्या.' मावशी दुकानातून उठून फाटकाशी आल्या. म्हणाल्या, 'माझी गाय तुझ्या हातानं गेली. माझ्या दारात उभी राहू नकोस.' आणि मला ते पटलं. तुझ्या सहीवर माझा माझ्या हातांपेक्षा जास्त विश्वास होता. भाजी चिरतानासुद्धा मी हातांकडे बघत बसायचे, नेमकं कुठे चुकलं म्हणून. नोकरी गेल्याचं मी पचवलं असतं. तू मला माझ्याच हातांची भीती घातलीस, ते पचत नाही.

गेल्या महिन्यात आईकडे गेले होते. तिची मोठी गाय हंबरत होती, माजावर आली होती. मी सहज विचारलं, हिला कोणत्या बैलाचं भरतेस? आई गोठा झाडत होती. म्हणाली, 'ताई वेगळं पाठवते. तिने केव्हाच बजावलंय, आपल्या गोठ्यात बादशहाचं रक्त पुन्हा आणायचं नाही.' मी विचारलं, केव्हा बजावलं? 'अगं, तुझं ते झेंगट व्हायच्या कितीतरी आधी. तू नोकरीत होतीस की तेव्हा. तुला नाही बोलली का?' मी पेंडीच्या पोत्यावर बसले. आई झाडतच राहिली, वर कौतुकाने म्हणाली, 'माझ्या गायींवर फार जीव आहे तिचा.'

आहे ना. मावशींच्या गायीवर नव्हता, एवढंच. तुला ठाऊक होतं. माझ्या हातात ते रेत देताना ठाऊक होतं, आणि सही करतानाही ठाऊक होतं. घरच्या गायी वाचवल्यास आणि घरची बहीण खड्ड्यात ढकललीस.

आता माझ्यानंतर आलेल्या डॉक्टरांच्या हातूनही तशीच वासरं निघताहेत. चौकशी पुन्हा उघडली आहे, सोमवारी मला बोलावलंय. तुझं जेवण त्यासाठीच आहे, हे मला कळतं. 'बहिणी बहिणींनी एकच सांगावं,' हे निरोपाचं शेपूट आईने भाबडेपणाने मला पोचवलंच. मी एकच सांगणार आहे, तुला सगळं माहीत होतं. ते विचारतील, कशावरून? मग मला आईचा गोठा सांगावा लागेल. मग आईला बोलावतील. ती स्वच्छ लुगडं नेसून येईल आणि विचारतील ते खरं खरं सांगेल, कारण आपल्या थोरलीचं कौतुक चाललंय असंच तिला वाटेल. घरी परतताना कुणीतरी तिला सांगेल, तिच्याच साक्षीने थोरली बुडाली ते. हे पत्र तेवढ्यासाठी लिहिलं. सोमवारच्या आत केंद्राच्या संचालकांकडे जा आणि स्वतःच्या तोंडाने सांग. तू सांगितलंस तर आईच्या गोठ्याचं नाव मी काढणार नाही, तिला कधी काही कळणारही नाही. नाही सांगितलंस तर मी बोलेन, आणि त्या दिवशी आईचा हात धरून तिच्या शेजारी मी बसलेली असेन. तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण तुझी शिक्षा आईच्या तोंडून वदवून घेऊ नकोस.

सोमवारपर्यंत तुझीच,
धाकटी