मनातल्या मनात भांडण

१२ मार्च
टँकर आला. नळी माझ्या हातात, आधी हाताला मुंग्या, मग फेफरं. शुद्धीवर आले तर ड्रम वाहतोय अन् बाया मला बघतायत. म्हणलं, मला काय बघता, नळी धरा. गोळ्या खाऊन फरक शून्य. हर्सूलच्या ह्या नव्या प्लॉटिंगमधी बंगले उठले, पाण्याची लाइन नाय. टँकरवाल्याशी भांडायला गल्लीत मीच एक.

१९ मार्च
डॉ.बाई म्हणल्या, मेंदूत झटका उठतो ती जागा काढता येईल. पण बोलण्याची जागा तिला चिकटून असली तर वाचा जाईल. आधी मेंदूचा नकाशा काढू. शोभी, माझी लेक, रडायला लागली. मालक गप. ते तसेही गपच असतात. मी मुकी झाले तर ह्या घरात बोलणार कोण?

२७ मार्च
डोक्याला तारा चिकटवून दवाखान्यात पडलेय. झटका कुठून उठतो ते तारांत दिसतं म्हणे. म्हणून मला झटका यावा अशी सगळे वाट बघतायत. टँकर आला की न बोलावता येतो, इथं बोलावलं तर येत नाय.

२९ मार्च
आला एकदाचा. सगळे खूश.

२ एप्रिल
बोगद्यासारख्या मशीनमधी घातलं. चित्र बघून नाव मनातल्या मनात घ्यायचं, डोकं हलवायचं नाय. मला मनात बोलायची सवयच नाय. बर्फाचं घर दाखवलं, मी मोठ्यानं विचारलं, हा रांजण पालथा का घातलाय? फोटो हलला. परत काढला, परत हलला. मशीनवाला वैतागला. मी त्याच्यावर वैतागले.

४ एप्रिल
शोभीनं डॉ.बाईंना सांगितलं, ही चित्रं राहू द्या, तिला टँकरचा फोटो दाखवा. टँकर दिसला की मनात भांडायचं, गेला की थांबायचं. ओठ मिटून पडले अन् काय एकेक शब्द काढला! लिहिण्याजोगा नाय. बाहेर आले तर मशीनवाला म्हणे, मावशी, ह्या खेपेला लई साफ आलं.

९ एप्रिल
तारांचा नकाशा अन् मशीनचा नकाशा, दोन्ही एकावर एक ठेवले. झटका लाल, बोलणं पिवळं. तारांना बोलणं दिसत नव्हतं, मशीनला झटका. दोन्ही मिळून दिसलं. मधी फट आहे.
"बारीक आहे, पण आहे," डॉ.बाई म्हणल्या.
मालक उठले, पडद्यावर त्या फटीत बोट ठेवून बघितलं. "बसतंय," म्हणले.

२ मे
आज पेन धरवतंय. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले त्या दिवशी कोणी नवा डॉक्टर होता. पहिलंच विचारलं, नवऱ्याचं नाव काय? मी गप. परत विचारलं, गप. त्याचं तोंड उतरलं, डॉ.बाईंना बोलवायला पळाला. शोभी भिंतीला टेकली. अरे, लग्न झाल्यापासून मालकांचं नाव तोंडातून काढलं नाय, ह्याला काय म्हणून सांगू? पण लेकीचं तोंड बघवेना. घेतलं नाव. सगळ्यांसमोर, आडनावासकट.
दारातून मालक म्हणले, "काय म्हणली? ऐकू नाय आलं."
चांगलं ऐकू आलं होतं त्यांना.

६ जून
झटका नाय अजून. डॉ.बाई म्हणतात, वर्षभर बघू, मगच बोलू.
टँकर आला. ड्रायव्हरनं शोभीला विचारलं, मावशीचा आवाज जाणार होता ना? त्याला उत्तर मीच दिलं, पार कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं. बाया हसल्या. नळी धरून उभी होते, मधीच हाताला मुंग्या आल्या. नळी जड होती, त्यानं असंल. ड्रम भरला. दुसरा लावला.