राधानगरीच्या रस्त्यावर पप्पांची फ्रेंच गाडी

कोल्हापूर,
८ डिसेंबर २००४

प्रिय दीक्षा,

सप्रेम जयभीम. तुझ्या पत्राला दोन महिन्यांनी उत्तर देतेय, रागावू नकोस. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्यात ठरलेलं. आणि तू लिहितेस, "पप्पा असते तर गाडी घेऊन न्यायला आले असते. आता राहू दे, मी इथंच राहते." दवाखान्यात सिस्टर म्हणून दुसऱ्यांच्या लेकींची बाळंतपणं करण्यात माझी उभी नोकरी गेली, आणि माझ्या लेकीच्या वेळी मी इथं हात बांधून बसायचं? मला रागच आला. रडूही आलं, ते वेगळं.

भाड्याची जीप सांगता आली असती, पण तू जीप मागितलीच नव्हतीस. म्हणून शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री काढली. आपला सूरज दुबईहून फोनवर म्हणतो, आई, भंगारात घाल. त्याचंही चुकत नाही. पप्पांनी ती एका डॉक्टरांकडून जुनी घेतली, तोवर फ्रेंच कंपनी इथला गाशा गुंडाळून गेलेली. पार्ट मिळायचे नाहीत. रेडिएटरचा पंखा मनात आलं तर फिरायचा, म्हणून डिकीत कायम पाण्याचा कॅन. आणि हॉर्न स्टिअरिंगवर नाही, इंडिकेटरच्या दांडीच्या टोकाला. पप्पांना ते कधी अंगवळणी पडलंच नाही. गंगावेशीत म्हशी आडव्या आल्या की स्टिअरिंगच्या मधोमध बुक्के मारायचे, आणि शेवटी खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, "ओ पावणं, म्हस घ्या की बाजूला!" तू मागच्या सीटवर लाजून खाली सरकायचीस.

उद्यमनगरातल्या आकाराम मिस्त्रींना बोलावलं. गिअरच्या सळीचा प्लॅस्टिकचा सांधा तुटला होता, गिअर पडतच नव्हता. मिस्त्रींनी तुकडे खिशात घातले आणि लेथवर तसाच पितळेचा करून आणला. पंख्यासाठी डॅशबोर्डाखाली घरातल्या दिव्याचं साधं बटण बसवलं. इंजिन तापून काटा चढला की दाबायचं. मग म्हणाले, "गाडी झाली, वहिनी. ड्रायव्हर कोण हाय?" मी म्हटलं, मीच. ते हसले नाहीत, बरं केलं त्यांनी.

रोज सकाळी तपोवनच्या मैदानावर शिकले. धीराला शेजारच्या शालूबाई. क्लचवरून पाय निसटला आणि गाडी धक्का देऊन बंद पडली की त्या विचारायच्या, "सिस्टर, आज घरी पोचतोय न्हवं?" रोज पोचलो. लायसन्स गेल्या आठवड्यात हातात आलं. फोटोत मी कुणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसतेय.

आता खरं सांगते. गेल्या रविवारी मी राधानगरीत तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन गेले. भोगावतीपाशी उसाच्या बैलगाड्यांमागं अडकले, काटा चढला, बटण दाबलं, उतरला. दोरीवर तुझा निळा गाऊन वाळत होता. हाक मारावी असं फार वाटलं. पण मला बघून तू तशीच निघाली असतीस, आणि मला आधी परतीचा रस्ता बघायचा होता. कुठं खड्डा आहे, कुठं गाडी हळू घ्यायची, तुला आणि बाळाला कुठं हिसका बसेल, ते सगळं आता मला पाठ आहे. सातवा लागलाय. येत्या रविवारी सकाळी न्यायला येतेय. बॅग भरून ठेव, आणि सासूबाईंना सांग, आई येणार आहे, गाडी घेऊन.

तुझीच,
आई