पुठ्ठ्याची पाच पानं

६ ऑगस्ट, मंगळवार

आज सोळा वेळा. बदक, चेंडू, चमचा, बूट, मांजर. पाच पानं, जाड पुठ्ठ्याची, म्हणजे फाडून टाकायचीही सोय नाही. दर वेळी मी पुस्तक मिटून 'झालं!' म्हणते आणि क्षणभर वाटतं, खरंच झालं. की बदक पुन्हा मांडीवर हजर.

ठकी सतरा महिन्यांची झाली तरी मूग गिळून बसली आहे. दवाखान्यातल्या सिस्टर मागच्या वेळी म्हणाल्या, "रोज वाचून दाखवा, न चुकता. तेवीस तारखेला परत आणा. तोवर एकही शब्द आला नाही तर कान तपासायला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल." बाहेर पडतो न पडतो तोच ठकीचा बाप — "मग तू कामावर जायचं पुढे ढकल ना. तुझ्याशिवाय कोण वाचणार तिला?" जणू त्याला बदक ओळखता येत नाही.

दोन सप्टेंबरला कोर्टात रुजू व्हायचंय. रजा आता वाढवून मिळणार नाही. नाही गेले तर माझ्या खुर्चीत दुसरी कोणी बसेल.

७ ऑगस्ट

एकोणीस वेळा. बूट चालू असताना माझाच डोळा लागला.

९ ऑगस्ट, शुक्रवार

आईचा फोन. "तू नवव्या महिन्यात घर डोक्यावर घ्यायचीस हो." बरं झालं सांगितलंस, आई.

दहा वर्षं कोर्टात स्टेनो. साक्षीदार पुटपुटो, वकील खेकसो, माझ्या वहीतून अक्षर सुटलं नाही. न्यायाधीश विचारायचे, "काय म्हणाला तो?" मी वाचून दाखवायचे, सगळं कोर्ट गप्प. आणि आता दिवसभर बोलते ती पाच शब्द, तेही उत्तराची आशा न ठेवता.

समोरच्या इमारतीला गवंडी गिलावा करतायत. पाच वाजले की थापी धुतात आणि घरी जातात. मला त्यांचा इतका हेवा वाटतो! मी कुठे जाणार, मी घरीच आहे.

११ ऑगस्ट, रविवार

बोलली. कोणाला सांगणार नाही.

पुस्तक घेऊन आली, माझ्या पोटात खुपसलं, डोळ्यांत डोळे घालून म्हणाली — "जा."

आई नाही, बाबा नाही. जा! शिकली माझ्याकडूनच. सकाळी हा दारात चपला शोधत रेंगाळतो तेव्हा मीच करवादते, "जा बाबा, जा एकदाचा." की तिला कळलंय, मला इथून सुटायचंय ते? नळ मोठा सोडून बाथरूममध्ये रडले.

१४ ऑगस्ट, बुधवार

आज पुन्हा. पुस्तक पोटात, "जा." मग गेले मी! उठून तडक खिडकीपाशी. तर तिने भोकाड पसरलं. आधी जा म्हणायचं आणि गेलं की रडायचं. बापाचं वळण, दुसरं काय.

हा विचारतो, "बोलली काही?" मी म्हणते, "नाही." कोर्टात साक्षीदार धडधडीत खोटं बोलायचे तेव्हा मला राग यायचा. आता दया येते.

सिस्टरना सांगितलं तर सगळं सोपं आहे. शब्द आला, तपासणी टळली, दोन तारखेला मी खुर्चीत. पण पोर जा म्हणाली आणि आई गेली, हे मला जन्मभर टोचत राहील. आणि नाही सांगितलं तर हे बदक आहेच.

१९ ऑगस्ट, सोमवार

हाताची सवय पार मोडलीय. सराव म्हणून घरात कानावर पडेल ते शॉर्टहँडमध्ये उतरवायला घेतलंय. याचं फोनवरचं बोलणं, गवंड्यांची वादावादी, ठकीचं सगळं. अर्थ लावायचा नाही, ऐकू येईल तसं उतरवायचं. शॉर्टहँडच्या क्लासात बाईंनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

सरावाची वही वाचायला बसले. ठकीचा 'जा' कुठेच नाही. अकरा ठिकाणी 'झा' आहे.

पुन्हा पाहिलं. झा. माझा हात असला घोटाळा करत नाही. घोटाळा डोक्याने केला. ज आणि झ, एका फुंकरेचा फरक, आणि ती फुंकर मी अकरा वेळा कागदावर उतरवून मनातून पुसून टाकली. कारण मला 'जा'च ऐकायचं होतं. लिहायची लाज वाटते, पण ऐकायचं होतं.

पण मग झा म्हणजे काय? झाड? पुस्तकात झाड नाही. झाडू? तो घेऊन ती कधी आली नाही. उद्या तर सिस्टरकडे जायचं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

दवाखान्याच्या बाकावर, नंबर येईपर्यंत. बदक, चेंडू, चमचा, बूट, मांजर. मिटलं, म्हटलं, "झालं!" ठकीने पुस्तक ओढून घेतलं, उलटं केलं आणि माझ्या पोटात खुपसलं. "झा-आं."

सिस्टरनी विचारलं, "शब्द?"

"एक. झालं."

"म्हणजे, संपलं?"

"नाही हो. म्हणजे, परत वाच."

संध्याकाळी पुस्तक याच्या हातात दिलं. म्हटलं, मिटताना झालं म्हणायला विसरू नकोस. दोन तारखेपासून तुझी पाळी.