तुझं एक दार राहून गेलं

प्रिय बश्या,

साऱ्या गावाचा तू बसवराजआप्पा असशील. पण पाटी-पेन्सिलीपासूनचा दोस्त मेला म्हणून काय मी त्याला आप्पा म्हणू? रागावायचं तर रागाव!

आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. नगरपंचायतीचे अर्ज मागे घ्यायची मुदत उद्या दुपारी तीनला संपते. आपल्या प्रभागात दोनच उमेदवार उरलेत. एक मी. दुसरा कोण, ओळख बरं! महानंदावहिनी. तुझी बायको! अशी बातमी कळल्यावर मी आधी तुझ्याच कापडदुकानाकडे पळत आलो असतो, आणि नेमका तूच जाग्यावर नाहीस.

ग्रामपंचायत होती तेव्हापासून आपण चार वेळा एकमेकांच्या विरोधात उभे राहिलो. एकदा तुला चिन्ह मिळालं रोडरोलर. गावात धड डांबरी रस्ता नाही आणि आप्पा रोडरोलर घेऊन फिरतोय, असं मी भर चौकात म्हणालो होतो. लोक हसले, तू त्यांच्याहून जास्त हसलास, आणि वर मलाच पाडलंस. दोनदा तू पडलास, दोनदा मी. बरोबरीत सुटलो म्हणायचं का?

आपला एक रिवाज होता. मारुतीपुढं नारळ फोडला की पहिलं दार विरोधकाचं. मी तुझ्या दारी यायचो, वहिनी ओवाळायच्या, तू विभूती लावलेलं कपाळ आक्रसून म्हणायचास, "विचार करू." विचार करू! स्वतःच उभा असलेला माणूस! मग चहा पिऊन तू माझ्या दारी यायचास आणि मीही तेच म्हणायचो. बाहेरगावची माणसं चक्रावून जायची.

आणि मागच्या वेळी मला पहिल्यांदा पक्षाचं तिकीट मिळालं. गळ्यात उपरणं, पुढं हलगी, सोबत लातूरहून आलेले साहेब. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी साहेब म्हणाले, विरोधकाच्या घरी कशाला वेळ घालवता? मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग कोपऱ्यावरूनच तुझ्या घराकडे हात जोडले आणि पुढच्या गल्लीत वळलो.

आपल्या गावात एक वेळ शिवी विसरतील, पण 'दारी आला नाही' हे कुणी विसरत नाही. हे मला काय माहीत नव्हतं? साठीला आलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागतं?

मी निवडून आलो. तू बोलायचा बंद झालास. मी दुकानावरून जायला लागलो की तू गिऱ्हाईक नसतानाही कापड मोजायला घ्यायचास. मीही तोऱ्यातच होतो. म्हटलं, येईल आपण होऊन. अरे, मला दोन शिव्या हासडायला काय झालं होतं तुला? भांडला असतास तर मिटलं असतं. लातूरला तुला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी फाटकापर्यंत आलो होतो. आत यायचा धीर झाला नाही, तिथूनच बस पकडून परत आलो. हे वहिनींनासुद्धा ठाऊक नाही.

अंत्ययात्रेत तुला बसवून नेलं, तुमच्या रीतीप्रमाणं, फुलांच्या माळा घालून. प्रचाराच्या जीपमध्ये बसायचास तसाच ताठ दिसत होतास. मी पार मागं चालत होतो. कुणीतरी म्हणालं, "नगरसेवक आले, वाट द्या." त्या क्षणी मला त्या पदाची लाज वाटली.

त्यानंतर सभागृहात करमत नाही बघ. मी बोलतो आणि सगळे माना डोलावतात. "दिग्या, खोटं बोलू नको," म्हणणारं साऱ्या गावात कुणी राहिलं नाही. घरी हिच्याशी बोलावं तर ती म्हणते, जेवून घ्या.

आज सकाळी मी तुझ्या घरी गेलो. पक्षवाल्यांनीच पाठवलं होतं. आप्पांचे दोस्त आहात, वहिनींना अर्ज काढून घ्यायला सांगा, बिनविरोध होऊन जाईल, म्हणाले.

वहिनी ज्वारी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "या भाऊजी. लई दिसांनी वाट घावली. फॉर्म मागं घ्या म्हून सांगाया आलाव का?"

मी चपला काढून आत आलो.

"त्या दिशी सकाळपासून धुतला सदरा घालून बसले व्हते. च्या ठिव म्हणले, दिग्या येतोय. दोनदा गरम केला म्या. तुम्ही कोपऱ्यावरनं हात जोडून गेलाव. च्या ओतून दिला मोरीत, अन् ते त्या दिशी जेवले न्हाईत."

बश्या, हे तू मला का नाही सांगितलंस रे? मी खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. वहिनींनी रडू दिलं. समजूत काढली नाही, ते बरं केलं.

डोळे पुसून म्हणालो, "वहिनी, मीच अर्ज काढून घेतो."

तेव्हा मात्र त्यांनी सूप बाजूला आपटलं. "का? कीव करालाव माझी? त्यांनी कधी सोडलं का तुम्हाला? मग मला कशाला सोडालाव? आठ दिसाला नळाला पानी येतंय, इचारणारं कुणी ऱ्हायलं न्हाई तुम्हाला, म्हून उभी हाय मी. तुम्ही मागं सरला तर लोक म्हणतील, बिनधन्याची बाई म्हून शीट सोडली."

मग मी उठलो, उंबऱ्याबाहेर गेलो, चपला घातल्या आणि नव्यानं आल्यासारखा दारात उभा राहिलो. हात जोडून म्हणालो, "वहिनी, मत द्या."

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. "माझं मत माझ्यापाशी हाय. पर दारी आलाव, बरं झालं."

पक्षवाल्यांना निरोप दिलाय की कुणीही अर्ज काढत नाही. साहेब चिडलेत. चिडू देत.

आता तुला शब्द देतो. मी पूर्ण ताकदीनं लढणार. वहिनींना सोपं जाऊ देणार नाही. सभेत तुझ्या नावानं गळा काढून सहानुभूती मागणार नाही, आणि प्रभागातलं एकही दार चुकवणार नाही. माझं स्वतःचं मत मात्र मी वहिनींना देणार आहे. हे कुणाला सांगू नकोस. मीही तुझ्याखेरीज कुणाला सांगू शकत नाही.

तुझा विरोधी उमेदवार,
दिग्या